न सुटलेला टॉवेल

२७ एप्रिल १९५९. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली असतील. मुंबईच्या सेटलवाड रोडवर ‘जीवनज्योत’ इमारतीतल्या एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये तीन गोळ्या सुटल्या. प्रेम आहुजा नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते. कमरेला टॉवेल गुंडाळलेला होता, बाकी अंगावर काही नव्हतं. एक गोळी उजव्या गळपट्टीच्या हाडाखालून छातीत गेली, एक डाव्या हाताच्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या बेचक्यातून गेली, एक डोक्याला डाव्या बाजूने लागली. आहुजा पडले. घरातली माणसं धावत आली तेव्हा टॉवेल जिथल्या तिथे होता. सुटला नव्हता, सैलही झाला नव्हता.

आरोपी होते नौदलातले कमांडर कवस माणेकशॉ नानावटी. त्यांचं म्हणणं असं, की मारायचा हेतू नव्हता. दोघांत झटापट झाली आणि झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं. आंघोळीनंतर नुसता खोचलेला टॉवेल किती टिकतो हे घराघरात ठाऊक आहे. लहान मूल धावत येऊन बिलगलं तरी एका हाताने तो धरावा लागतो. मग जिवावरच्या झटापटीत तो टिकला कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निकालात बंदुकीच्या गोळ्या, जखमांची मापं, साक्षी यांच्या रांगेत हा टॉवेलही येतो. निकाल पहिल्यांदा वाचताना मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो होतो.

या खटल्यावर सिनेमे निघाले, नाटकं झाली, आणि घराघरांत तो नवरा, बायको आणि बायकोचा प्रियकर अशा तिघांची गोष्ट म्हणून सांगितला गेला. मला तो इथे घ्यायचा आहे तो दुसऱ्या कारणासाठी. नानावटींची खुनाबद्दलची शिक्षा दिल्लीत अपिलात गेली, तेव्हा वादाचा मोठा भाग त्या बेडरूमबद्दल नव्हताच. मुंबईच्या सत्र न्यायाधीशांनी नऊ ज्यूरर मंडळींना कायदा समजावून सांगताना काय सांगितलं आणि काय सांगायचं राहून गेलं, यावर तो वाद होता. खटल्यांच्या इतिहासात माणसाचं आयुष्य अशा चार-दोन वाक्यांवर तोललं गेल्याची उदाहरणं बरीच आहेत. हे त्यातलं आपल्या अंगणातलं.

त्या दिवसाचा क्रम आधी पाहू. सकाळी नानावटी पती-पत्नी आजारी कुत्र्याला घेऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. येताना मेट्रो सिनेमाची साडेतीनच्या खेळाची तिकिटं काढली. जेवणानंतर पत्नी सिल्व्हिया यांनी आहुजांशी असलेले संबंध कबूल केले. नानावटींनी पत्नीला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला सिनेमाला सोडलं आणि सहा वाजता न्यायला येतो म्हणून सांगितलं. तिथून ते आपल्या जहाजावर, आयएनएस म्हैसूरवर गेले. या जहाजावर ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. रात्री एकट्याने अहमदनगरला मोटार न्यायची आहे, असं कारण सांगून त्यांनी शस्त्रागारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. ती एका तपकिरी पाकिटात घातली. आहुजांच्या ऑफिसात गेले, ते तिथे नव्हते, म्हणून घरी गेले. नोकराने दार उघडलं. नानावटी सरळ बेडरूममध्ये शिरले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं.

आत जे घडलं ते मोजून मिनिटभराचं, फार तर. बचाव असा होता की रिव्हॉल्व्हर घेतलं ते स्वतःला संपवण्यासाठी. पण आधी आहुजांना विचारायचं होतं, सिल्व्हियाशी लग्न करणार का, मुलांना सांभाळणार का. आहुजांनी उद्दाम उत्तर दिलं, पाकिटावर झडप घातली, झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. बाहेर पडताना आहुजांची बहीण समोर आली. तिला नानावटी काहीच बोलले नाहीत. फाटकापाशी चौकीदाराला मात्र सांगितलं, की याचे माझ्या बायकोशी संबंध होते म्हणून मी याला मारलं. अपघात हा शब्द त्यांनी त्या दिवशी कुणापुढेही उच्चारला नाही. तसेच पोलिसांकडे जाऊन ते हजर झाले.

सत्र न्यायालयात खटला ज्यूरीपुढे चालला. आज आपल्याकडे ज्यूरी पाहिलेली माणसं थोडी उरली आहेत, म्हणून तिची रीत सांगतो. कायदा न्यायाधीशाचा, घटना ज्यूरीच्या. साक्षीपुरावा संपला, वकिलांची भाषणं झाली, की न्यायाधीश ज्यूरीला उद्देशून बोलतात. गुन्ह्याची कायद्यातली अंगं कोणती, शाबितीचा भार कुणावर, कोणता पुरावा कशासाठी वापरता येतो, हे त्यांनी समजावून द्यायचं. मग ज्यूरी आत जाते, आपसात बोलते आणि बाहेर येऊन एक-दोन शब्दांत कौल देते. दोषी, किंवा निर्दोष. कारण देत नाही. आत काय बोलणं झालं हे तिला कुणी विचारूही शकत नाही.

त्यामुळे ज्यूरीच्या कौलावर अपील करणाऱ्या वकिलाच्या हाती एकच कागद उरतो, न्यायाधीशाच्या त्या भाषणाची नोंद. ती ओळ न् ओळ चाळायची. कायदा चुकीचा सांगितला का? महत्त्वाचा पुरावा मांडायचा राहिला का? जो पुरावा कानावर पडायलाच नको होता, तो विसरा असं बजावलं का? अशी चूक सापडली आणि ती कौल फिरवण्याएवढी मोठी असली, तर कौलाचा पायाच निघून जातो. दहा वर्षं वकिली केलेला माणूस चुकीचा कायदा ऐकला तर मनातल्या मनात दुरुस्त करून घेईल. पण ज्यूरीतल्या कारकुनाने, दुकानदाराने, इंजिनियरने तो कुठून दुरुस्त करावा? त्याला न्यायाधीश सांगतील तोच कायदा.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी नानावटींच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला. खून नाही आणि सदोष मनुष्यवधही नाही. इंग्लंडमध्ये गोष्ट इथेच संपली असती. ज्यूरीने सोडलेल्या माणसाला तिथे पुन्हा हात लावता येत नसे. आपल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ३०७ वं कलम होतं. ज्यूरीचा कौल न्यायाधीशाला पटला नाही आणि न्यायासाठी गरजेचं आहे असं त्याचं स्पष्ट मत झालं, तर त्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायचं. ज्यूरी दिली पण तिच्यावर साहेबी नजर ठेवली, असा या कलमाचा वसाहतीच्या काळातला वास मला नेहमी येतो. तरी हेही खरं, की या कलमाने ज्यूरीने दोषी ठरवलेलाही सुटू शकत होता. कोणत्याही समंजस माणसांनी या पुराव्यावर असा कौल दिला नसता, असं नोंदवून सत्र न्यायाधीशांनी कागद वर पाठवले.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांच्यापुढे प्रकरण आलं. ११ मार्च १९६० रोजी दोघांनी नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली. पण दोघांचे रस्ते वेगळे होते. शेलत म्हणाले, ज्यूरीला कायदा समजावण्यातच चुका झाल्या, तेव्हा त्या कौलाला वजन नाही. आणि मग त्यांनी सगळा पुरावा स्वतः तपासला. नाईकांनी पुराव्याचाच आधार घेतला. समंजस माणसांना या पुराव्यावर असा कौल देताच आला नसता, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

शेलतांना दिसलेल्या चुकांपैकी सर्वांत मोठी समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात.

रेजिनल्ड वुल्मिंग्टन हा शेतावर राबणारा एकवीस वर्षांचा पोरगा. सतरा वर्षांची बायको व्हायोलेट त्याला सोडून आईकडे गेली होती. १० डिसेंबर १९३४ रोजी तो नळी कापलेली बंदूक कोटाखाली लपवून तिच्याकडे गेला. त्याचं म्हणणं, परत आली नाहीस तर मी जीव देईन असं सांगून तिला भीती घालायची होती; बंदूक दाखवताना ती उडाली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसरा खटला ब्रिस्टलला चालला. तिथे न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी ज्यूरीला सांगितलं, की आरोपीच्या हातून मरण आलं हे एकदा ठरलं की कायदा तो खूनच मानतो. अपघात होता हे आरोपीने पटवून द्यायचं. १७६२ सालच्या फॉस्टरच्या कायद्याच्या ग्रंथात तसं लिहिलेलं होतं आणि पावणेदोनशे वर्षं ते तसंच चालत आलं होतं. ज्यूरीने दोषी ठरवलं, फाशीची शिक्षा झाली. पहिलं अपील फेटाळलं गेलं.

१९३५ च्या वसंतात प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेलं. लॉर्ड चॅन्सेलर सँकी यांनी जुना ग्रंथ बाजूला ठेवला. हेतू होता हे सरकारपक्षाने सिद्ध करायचं. आरोपीवर तो भार कधीच येत नाही. पुरावा ऐकून ज्यूरीच्या मनात वाजवी शंका उरली तर तिचा फायदा आरोपीचा. इंग्रजी फौजदारी कायद्याच्या विणीत हाच सोन्याचा धागा, असं त्यांनी म्हटलं. शिक्षा रद्द झाली. एका वाक्याने फासापर्यंत गेलेला माणूस ते वाक्य चूक ठरल्यामुळे परत आला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. वुल्मिंग्टन निष्पाप होता की नाही हे त्या न्यायाधीशांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं, की त्याच्यावर जे ओझं टाकलं ते टाकायचा अधिकार कुणालाच नव्हता.

आता नानावटी पाहा. तोच बचाव: शस्त्र स्वतःसाठी घेतलं, समोरच्याला फक्त विचारायचं होतं, आणि ते उडालं. मुंबईच्या सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, की वाजवी शंकेपलीकडे गुन्हा शाबित करायचा तो सरकारपक्षाने आणि हा भार हलत नाही. वुल्मिंग्टनच्या प्रकाशात हे वाचलं तर यात काय चुकलं?

चुकलं ते असं. भारतात १८७२ चा पुरावा कायदा होता आणि त्यात १०५ वं कलम होतं. आरोपी एखाद्या अपवादाचा आधार घेत असेल, उदाहरणार्थ भारतीय दंड संहितेच्या ८० व्या कलमातल्या अपघाताचा, तर तशी परिस्थिती होती हे दाखवण्याचा भार त्याच्यावर. आणि न्यायालय तशी परिस्थिती नव्हती असंच गृहीत धरून चालेल. शिवाय ८० व्या कलमाला नुसता अपघात पुरत नाही. कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने आणि साधनांनी केलेलं हवं, आणि योग्य ती काळजी घेऊन केलेलं हवं. भरलेलं रिव्हॉल्व्हर पाकिटात घालून दुसऱ्याच्या बेडरूममध्ये जाणाऱ्याने काळजी घेतली होती का, हा प्रश्न त्या कलमातून सरळ उभा राहतो. ज्यूरीला हे सांगितलंच गेलं नाही. वुल्मिंग्टनच्या न्यायाधीशाने आरोपीवर नको तो भार टाकला होता. इथे कायद्याने टाकलेला भार ज्यूरीच्या कानापर्यंत गेला नाही.

चौकीदाराकडे दिलेल्या कबुलीचंही तेच झालं. ती साक्षीत आली होती. पण ती खरी मानली तर तिचा अपघाताच्या बचावावर काय परिणाम होतो, याकडे ज्यूरीचं लक्ष जसं वेधायला हवं होतं तसं वेधलं गेलं नाही.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नानावटींचं अपील फेटाळलं. खंडपीठावर न्यायमूर्ती एस. के. दास, के. सुब्बा राव आणि रघुबर दयाल होते. (प्रकरण सुरू झालं तेव्हा पलीकडे मुंबई राज्य होतं, संपेपर्यंत महाराष्ट्र राज्य झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६० आणि १९६१ मधल्या दोन निकालांच्या मथळ्यांत हा फरक दिसतो.) या निकालातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग नानावटींच्या विरुद्ध गेलेला नाही, पुढच्या असंख्य आरोपींच्या बाजूने गेलेला आहे. सुब्बा रावांनी सोन्याचा धागा आणि १०५ वं कलम यांची सांगड घातली. गुन्हा शाबित करण्याचा मूळ भार सरकारपक्षावरच राहतो आणि तो कधीही हलत नाही. अपवाद सिद्ध करण्याचा जादा भार आरोपीवर येतो. पण समजा आरोपीला अपघात पुरेपूर सिद्ध करता आला नाही. तरी त्याने आणलेल्या पुराव्यामुळे हेतू होता की नाही याबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तर तो सुटलाच पाहिजे. म्हणजे बचाव पडला तरी आरोपी आपोआप दोषी ठरत नाही. आज खालच्या न्यायालयात वकिलाशिवाय उभ्या असलेल्या, अपघात कसा सिद्ध करायचा हे ठाऊक नसलेल्या माणसालाही हे संरक्षण आहे. जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, १०५ चा आकडा १०८ झाला. ही सांगड तीच आहे.

नानावटींच्या बाबतीत मात्र ती शंका उरत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तीन गोळ्यांसाठी तीनदा चाप ओढावा लागतो. टॉवेल जागचा हललेला नाही. बहिणीला, चौकीदाराला, अधिकाऱ्यांना, कुणालाही अपघाताचं सांगितलेलं नाही.

उरला प्रक्षोभ. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात मारलं तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. न्यायालयाने इथे घड्याळ पाहिलं. नानावटी घरून निघाले दीडच्या सुमारास, गोळ्या सुटल्या चार वीसला. मधे जवळजवळ तीन तास. त्या तासांत मुलांना सिनेमाला सोडलं, नगरला जाण्याचं कारण रचून शस्त्र घेतलं, आधी ऑफिस आणि मग घर गाठलं. संताप होता, पण भान सुटलेलं नव्हतं. सुब्बा रावांनी एक मोकळीकही ठेवली: आरोपी ज्या समाजात, ज्या थरात वाढला त्यातल्या समंजस माणसाचा विचार करायचा, आणि नुसते शब्द किंवा हावभावही प्रसंगी प्रक्षोभक ठरू शकतात. पुढच्या कितीतरी खून-खटल्यांत हे निकष वकिलांच्या तोंडी आले.

ज्यूरीला चुकीचं सांगितल्याची मराठी माणसाला सर्वांत जवळची आठवण मात्र खुनाच्या खटल्यातली नाही. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं, की सरकारबद्दलची अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. या अर्थाने तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येकजण राजद्रोही ठरतो! ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. कौल सहा विरुद्ध तीन. अठरा महिने सक्तमजुरी. ज्यूरीला कायदा चुकीचा सांगितला, हाच मुद्दा घेऊन ॲस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहिले. अपिलाची परवानगीच मिळाली नाही. वुल्मिंग्टनसाठी उघडलेलं दार टिळकांसाठी उघडलं नव्हतं. त्या एका शब्दाच्या अर्थावर किती वकिलांनी नंतर शाई ओतली असेल!

नानावटींची पुढची हकीकत थोडक्यात. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी तिला स्थगिती दिली, म्हणजे ते तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असं करता येणार नाही, असं घटनापीठाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने ठरवलं. अपील फेटाळल्यानंतर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. नानावटी कुटुंब पुढे कॅनडाला गेलं.

या खटल्यामुळेच भारतातली ज्यूरी गेली, असं ठामपणे सांगितलं जातं. तसं नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आधी, ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. पारशी विवाह न्यायालयात मात्र जमातीतले प्रतिनिधी आजही न्यायाधीशांसोबत बसतात.

ज्यूरी गेल्यापासून खुनाच्या शिक्षेवरच्या अपिलाचं रूप बदललं. सत्र न्यायाधीश आता मुद्दे काढतात, प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष लिहितात आणि त्याखाली कारणं देतात. कोणती साक्ष का मानली, कोणती का टाकली, सगळं कागदावर येतं. अपिलातला वकील त्या कारणांशी भांडतो. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्या आठ जणांना टॉवेलबद्दल काय वाटलं होतं, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही.